टोपलीभर चारा, चिमूटभर पूरक

पिपरी मेघे वर्धा शहराला इतकी लागून आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, हे नवख्याला कळत नाही. अशा शहरालगतच्या गावांत शेतांचे लेआउट पडतात, प्लॉट विकले जातात, गायी-म्हशी कमी होतात. बकरी मात्र टिकते. तिला गायीइतकी जागा लागत नाही. रिकाम्या प्लॉटवरचं तण आणि धुऱ्यावरची बोर-बाभूळ तिला चालते. अडीनडीला एक बोकड विकला की शाळेची फी किंवा दवाखान्याचं बिल निघतं. म्हणून दोन बकऱ्या असोत की पन्नास, मालकाला घाई एकच असते : करडू लवकर वाढावं, वजन धरावं.

या घाईवर बाजारही उभा आहे. पशुऔषधांच्या दुकानात ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, ‘ग्रोथ’ असे शब्द छापलेल्या बाटल्या आणि पुड्या मिळतात. दुसऱ्या बाजूला घरगुती सल्ले असतात : लसूण द्या, हळद द्या, ओवा द्या, ताक पाजा. दोन्हींत काही खरं आहे आणि काही नुसतं ऐकीव. त्याचा निवाडा करायचा तर घास पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. तेव्हा आपण त्या घासाच्या मागे चालत जाऊ आणि कुठलं पूरक कुठे काम करतं ते पाहू.

पूरक म्हणजे काय, काय नाही

चारा आणि खुराक किलोने मोजतात, पूरक ग्रॅमने. साधारण 15 किलो वजनाचं करडू दिवसाला शरीराच्या वजनाच्या 3 ते 4 टक्के, म्हणजे 450 ते 600 ग्रॅम कोरडं खाद्य खातं. त्यात खुराक 150 ग्रॅम धरला आणि त्याच्या 1 टक्का पूरक दिलं, तर ते दीड ग्रॅम भरतं, म्हणजे अक्षरशः चिमूटभर. या चिमटीतून हाड-मांस तयार होणार नाही, ते चाऱ्यातूनच होणार. चाऱ्यातलं वाया जाणारं थोडं वाचवणं, पचन सांभाळणं, रोगजंतूंना अटकाव करणं, एवढंच पूरकाचं काम.

पूर्वी हे काम जगभर प्रतिजैविकांकडून करून घेतलं जाई. निरोगी जनावरालाही रोज थोडं प्रतिजैविक खाऊ घातलं की वजन बरं वाढतं, असा अनुभव होता. पण त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात आणि ते माणसांपर्यंत पोचतात, हे लक्षात आलं. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी आणली. त्यानंतर झाडपाला, मसाले, यीस्ट आणि उपयुक्त जिवाणूंच्या अभ्यासाला जोर आला. दुकानातली ‘हर्बल’ बाटली या बदलाचंच एक टोक आहे.

चार खणांचं पोट

बकरी आणि मेंढी दोघीही रवंथ करणाऱ्या. त्यांच्या पोटाला चार खण असतात. त्यांतला सर्वांत मोठा खण म्हणजे ओटीपोट, ज्याला पशुवैद्यक ‘रुमेन’ म्हणतात. खाल्लेला पाला आधी इथे येतो आणि इडलीचं पीठ आंबावं तसा आंबतो. हे काम बकरी स्वतः करत नाही, सूक्ष्मजीव करतात. ओटीपोटातल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय एकपेशीय प्राणी आणि बुरशीही असतात. ते काडी-पाल्यातले तंतू फोडतात आणि त्यातून आम्लं तयार करतात. बकरीला बहुतेक ऊर्जा या आम्लांतूनच मिळते. पुढे हेच जिवाणू वाहत चौथ्या खणात आणि आतड्यात जातात, तिथे स्वतः पचतात आणि बकरीचं प्रथिन होतात. थोडक्यात, आपण बकरीला चारतो असं म्हणतो, पण आधी चारतो तिच्या पोटातल्या जिवाणूंना. जवळजवळ सगळी नैसर्गिक पूरकं या जिवाणूंमार्फतच काम करतात.

नवजात करडाचं गणित मात्र वेगळं असतं. जन्मताच त्याचं ओटीपोट इवलंसं असतं आणि चौथा खण सर्वांत मोठा. दूध चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची एक खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध ओटीपोट टाळून थेट चौथ्या खणात उतरतं. म्हणजे पहिले काही आठवडे करडू रवंथ करणारं जनावर नसतंच. त्याच्यासाठी सगळ्यांत मोठं पूरक फुकट मिळतं, ते म्हणजे आईचा चीक. पहिल्या तासाभरात सुरुवात करून दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पोटात जायला हवा. 2 किलोच्या करडाला सुमारे 200 मिलि. यात कसर राहिली तर पुढे कुठलीही बाटली ती भरून काढत नाही.

दोन आठवड्यांनी करडू पाला चघळू लागतं. तेव्हापासून त्याच्यासमोर थोडा भरडा आणि कोवळा पाला ठेवावा. मोठ्या बकऱ्यांना शिरता येणार नाही असा एक कोपरा त्यासाठी आडोसा करून द्यावा. भरडा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांनीच ओटीपोटाचं अस्तर वाढतं. नुसत्या दुधावर ठेवलेल्या करडाचं पोट या कामाला उशिरा लागतं, आणि दूध तुटलं की ते खंगतं.

सरकीची ढेप : वर्ध्याचं बलस्थान आणि सापळा

वर्धा जिल्हा कापसाचा. जिनिंगमधून सरकी निघते, तेलघाणीतून ढेप येते. हिंगणघाट-पुलगावच्या या पट्ट्यात ढेप हे ओळखीचं आणि सहज मिळणारं प्रथिन आहे. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. कीड आपल्याला खाऊ नये म्हणून कपाशीचं झाड ते स्वतः तयार करतं. मोठ्या बकरीच्या ओटीपोटात ते प्रथिनांशी बांधलं जातं आणि त्याचा जोर बराच ओसरतो. लहान करडाचं ओटीपोट अजून कामाला लागलेलं नसतं, त्यामुळे गॉसिपॉल सरळ रक्तात जातं आणि हृदय व यकृताला इजा करतं. धडधाकट दिसणारं करडू धापा टाकत अचानक मरतं. पैदाशीच्या बोकडाला सतत भरपूर सरकी दिली तर त्याच्या वीर्यावरही परिणाम होतो.

म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या करडाला सरकी किंवा सरकीची ढेप देऊ नये. त्याच्या भरड्यात सोयाबीनची ढेप आणि तुरीची चुनी असावी. या दोन्ही वस्तू वर्ध्यात दुर्मीळ नाहीत. ढेप पावसाळ्यात दमट जागी ठेवली तर तिला बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं. बुरशी आलेली ढेप उन्हात वाळवली तरी विष जात नाही. ती टाकूनच द्यावी.

बाभळीची शेंग

आता खरी पूरकं. पहिला मान बाभळीचा, कारण ती धुऱ्यावर उभी आहे आणि तिची शेंग फुकट पडते. उन्हाळ्यात, चारा सरलेला असतो तेव्हा, नेमकी ही शेंग पिकून खाली येते. बकऱ्या ती कुरूमकुरूम खातात. तिच्यात प्रथिन आहे आणि टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर आहे. कातडं कमावायला बाभळीची साल वापरतात ती याच तुरटपणामुळे.

टॅनिनचं काम समजून घेण्यासारखं आहे. ते प्रथिनाला बिलगतं. ओटीपोटात आम्लता बेताची असते, तिथे टॅनिन आणि प्रथिन यांची जोडी घट्ट राहते, त्यामुळे जिवाणू ते प्रथिन लगेच फोडून अमोनियात वाया घालवू शकत नाहीत. पुढे चौथ्या खणात आम्लता एकदम वाढते, पीएच साडेतीनच्या खाली जातो. तिथे ही जोडी सुटते आणि प्रथिन आतड्यात पचायला मोकळं होतं. म्हणजे टॅनिन प्रथिनाला पहिल्या नाक्यावरून सांभाळून पुढे नेतं. आहारात 2 ते 4 टक्के टॅनिन असेल तोवर हा फायदा मिळतो. 5 टक्क्यांच्या पुढे गेलं की तोच तुरटपणा उलटतो : जनावर कमी खातं, तंतू पचत नाहीत, लेंडी कडक होते, वाढ थांबते.

शेंगेतलं टॅनिन झाडागणिक कमी-जास्त असतं. ते 15 ते 20 टक्के धरून हिशेब करू. 50 ग्रॅम कुटलेल्या शेंगांतून साडेसात ते दहा ग्रॅम टॅनिन जाईल. दिवसाचं 500 ग्रॅम कोरडं खाद्य धरलं तर हे दीड ते दोन टक्के झालं. वर बोरीचा, बाभळीचा पाला चरताना पोटात जातो, त्यातलं टॅनिन वेगळं. म्हणून 15 किलोच्या करडाला दिवसाला 50 ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगा पुरे. अख्ख्या शेंगेतलं टणक बी बरंचसं न पचता लेंडीतून बाहेर पडतं, तेव्हा शेंगा कुटून द्याव्या.

टॅनिनचा दुसरा उपयोग जंतांवर आहे. पावसाळ्यात बकऱ्या-मेंढ्यांना सर्वांत जास्त छळतो तो चौथ्या खणात राहून रक्त पिणारा गोल जंत. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो. पाच हजार जंत असतील तर पाव लिटर रक्त रोज गेलं. मग पापण्या पांढुरक्या पडतात, जबड्याखाली सूज येते, करडू खाऊनही भरत नाही. टॅनिनयुक्त पाला नियमित खाणाऱ्या जनावरांत या जंतांची अंडी घालण्याची क्षमता घटते, हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे उन्हाळ्यात शेंगा वेचाव्या, खडखडीत वाळवाव्या आणि पोत्यात भरून पावसाळ्यासाठी ठेवाव्या. जंतांचा भर असतो तेव्हाच त्या हाताशी हव्या.

पण शेंग हे जंतनाशक औषध नव्हे. पापणीचा आतला रंग दर पंधरा दिवसांनी पाहावा. लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरट असेल तर डॉक्टरांना विचारून औषध द्यावं. सगळ्या कळपाला सरसकट औषध देण्यापेक्षा फिक्या पापणीच्या जनावरालाच दिलं, तर औषधाची धार टिकते. आणखी एक साधी गोष्ट : जंताची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर, जमिनीलगत असतात. दव सुकल्यावर बकऱ्या सोडल्या आणि त्यांना झुडपांचा उंचावरचा पाला मिळाला, तर जंतांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

सुबाभूळ आणि दूर देशातला जिवाणू

गांधीजींनी 1946 मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. त्यांचे सहकारी मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि 1967 मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. महाराष्ट्रात सुबाभूळ पोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात 20 टक्क्यांहून जास्त प्रथिन असतं आणि बकऱ्या तो आवडीने खातात. पण त्यात मिमोसिन नावाचं विष असतं. जास्त झालं तर केस गळतात, लाळ गळते, गळ्याची गाठ सुजते, वजन घटतं.

ऑस्ट्रेलियात गुरांना सुबाभूळ बाधत होती, पण हवाई बेटांवरच्या बकऱ्या ती बिनधास्त खात होत्या. रेमंड जोन्स या संशोधकाला शंका आली की फरक बकरीत नाही, तिच्या पोटातल्या जिवाणूंत असावा. हवाईच्या बकऱ्यांच्या ओटीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला, आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. 1986 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पुढे 1992 मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्याच नावावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असं नाव मिळालं. पोटातले जिवाणू बदलले की जनावराची कुवत बदलते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

आपल्याकडच्या अनेक बकऱ्यांच्या पोटातही हे जिवाणू आढळतात, पण नव्याने पाला खाणाऱ्या करडाला ते जमायला वेळ लागतो. म्हणून सुबाभळीचा पाला थोडा सुकवून, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत द्यावा आणि एकूण खाद्याच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवावा. कोवळ्या शेंड्यात मिमोसिन सर्वांत जास्त असतं, हेही ध्यानात असू द्यावं.

मसाल्याच्या डब्यातून

लसूण, ओवा, हळद, मेथी, बडीशेप यांच्यावर सर्वाधिक विश्वास आहे आणि सर्वाधिक गैरसमजही.

लसूण ठेचला की त्यातून तिखट वासाचं अ‍ॅलिसिन तयार होतं. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं. ही द्रव्यं जिवाणूंच्या पेशीचं आवरण भेदतात. थोडी असली तर ओटीपोटातल्या काही विशिष्ट सूक्ष्मजीवांना आवर बसतो. मिथेन वायू कमी बनतो आणि आम्लांचं प्रमाण बकरीच्या फायद्याच्या बाजूला झुकतं. खाद्यातल्या ऊर्जेचा 2 ते 12 टक्के भाग मिथेनच्या ढेकरांतून हवेत जातो, त्यामुळे इथे वाचलेला प्रत्येक अंश वाढीच्या कामी येऊ शकतो. पण ही द्रव्यं जास्त झाली तर तंतू फोडणारे चांगले जिवाणूही मरतात आणि पचन बसतं. प्रयोगांतून लसूण पावडर साधारणपणे खुराकाच्या अर्धा ते दोन टक्के अशी वापरलेली दिसते. म्हणजे 150 ग्रॅम खुराकाला फार तर तीन ग्रॅम. वाटीभर लसूण रोज दिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून करडू उलट अशक्त होतं. दुभत्या बकरीला लसूण दिला की दुधाला वास येतो, तेही आहेच.

हळदीबाबत वर्धेकर भाग्यवान. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुर्क्युमिन नेहमीच्या हळदीपेक्षा जास्त असतं. कुर्क्युमिन सूज आणि जंतू यांवर काम करतं, पण रक्तात फार थोडं उतरतं. त्यामुळे हळदीचा परिणाम मुख्यतः आतड्यातच होतो. हगवणीतून उठलेल्या, मलूल करडाला महिनाभर रोज एक-दीड ग्रॅम हळद खुराकातून देण्यात अर्थ आहे. धडधाकट करडाला हळद देऊन वजन झपाट्याने वाढेल, अशी आशा मात्र ठेवू नये.

एकूण निवाडा असा : मसाल्यांचे परिणाम प्रयोगाप्रयोगांत बदलतात, कारण खाद्य, जात, वय आणि पावडरीतलं तेल हे सगळंच बदलतं. जुनी, वास उडालेली ओव्याची पावडर म्हणजे नुसता भुसा.

रिठा, शिकेकाई आणि मिथेन

रिठ्याला आणि शिकेकाईला फेस आणणारं सॅपोनिन ओटीपोटातल्या एकपेशीय प्राण्यांच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि त्यांना फोडतं. जिवाणूंच्या आवरणात कोलेस्टेरॉल नसतं, म्हणून ते वाचतात. हे एकपेशीय प्राणी जिवाणूंना खातात. ते कमी झाले की जास्त जिवाणू पुढे आतड्यात पोचतात, म्हणजेच बकरीला जास्त प्रथिन मिळतं. मिथेनही घटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिन आणि सॅपोनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केलं. त्याने गुरांतला मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी कमी होतो, असं संस्था सांगते.

घरच्या घरी रिठे कुटून घालू नयेत. ते कडू असतात आणि जास्त झाले तर करडू खुराकाला तोंडच लावत नाही. शिवाय काही आठवड्यांत ओटीपोटातले जिवाणू सॅपोनिन फोडायला शिकतात आणि परिणाम ओसरतो.

यीस्ट, ताक आणि सोडा

ओटीपोट हवाबंद असावं लागतं. तिथल्या कामाच्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. पण प्रत्येक घासाबरोबर आणि पाण्याबरोबर थोडी हवा आत जातेच. जिवंत यीस्ट ती शोषून घेतं. शिवाय तीव्र असं दुग्धाम्ल खाणाऱ्या जिवाणूंना ते बळ देतं, त्यामुळे धान्य जास्त खाल्ल्यावर होणारी आम्लता आटोक्यात राहते. बोकडांना बाजारासाठी खुराकावर चढवताना यीस्टचा उपयोग सर्वांत जास्त. पण यीस्ट जिवंत हवं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पुडीत महिनाभराने जिवंत यीस्ट किती उरेल? पुडी सावलीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी, तारीख बघून घ्यावी, मात्रा वेष्टनावर लिहिलेली असते तीच पाळावी.

दुग्धाम्ल तयार करणारे चांगले जिवाणू दूध पिणाऱ्या करडाच्या आतड्यात जागा अडवतात आणि हगवणीच्या जंतूंना थारा देत नाहीत. ताज्या, बिनमिठाच्या ताकात असे जिवाणू असतात, पण किती आणि कोणते हे प्रत्येक घरी वेगळं. घोटभर ताकाने अपाय नाही. मात्र हगवण लागलेल्या करडाला ताकावर ठेवून डॉक्टर टाळू नये. अशा वेळी पाणी, साखर आणि मिठाचं द्रावण आधी.

खळ्यावर शिरून बकरीने गहू-ज्वारी भरपेट खाल्ली तर ओटीपोट आंबट होऊन ती दगावू शकते. खुराक जास्त असलेल्या बोकडांना खुराकात 1 टक्का खाण्याचा सोडा घातला तर आम्लता सावरली जाते. धान्य जास्त झालं की आंत्रविषाराचा धोकाही वाढतो. त्यासाठी पूरक नाही, लस आहे, आणि ती पावसाळ्याआधी टोचून घ्यायला हवी.

मीठ, खनिजं आणि मेंढीचं तांबं

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचं पूरक मसाल्याच्या डब्यातलं नाही. ते खनिज मिश्रण आणि मीठ आहे. कुटार आणि कडब्यावर वाढणाऱ्या करडाला फॉस्फरस, जस्त, तांबं कमी पडतं. हाडं ठिसूळ राहतात, केस खरखरीत होतात, करडं भिंत चाटतात, चिंध्या चघळतात. वाढत्या करडाला रोज 5 ते 10 ग्रॅम खनिज मिश्रण पुरतं.

इथे बकरी आणि मेंढी यांतला एक फरक जीवावर बेतणारा आहे. मेंढीचं यकृत तांबं साठवत राहतं, बाहेर टाकत नाही. साठा भरला की एखाद्या ताणाच्या दिवशी ते सगळं रक्तात उतरतं, लघवी तांबडी होते आणि मेंढी मरते. म्हणूनच युरोपीय संघात मेंढीच्या पूर्ण खाद्यात किलोमागे 15 मिलिग्रॅमच्या वर तांबं चालत नाही, बकरीला 35 पर्यंत चालतं. धनगरांच्या मेंढ्या आणि घरच्या बकऱ्या एका वाड्यात असतील तर गायींचं किंवा कोंबड्यांचं खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीही घालू नये. मेंढ्यांसाठीचं वेगळं घ्यावं.

बोकडांना आणि खच्ची केलेल्या बोकडांना दुसरी भीती मुतखड्याची. कोंडा, चुनी आणि धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस हे प्रमाण राहावं म्हणून खुराकात चुनखडीची पावडर घालतात. भरपूर स्वच्छ पाणी हा त्यावरचा दुसरा उपाय.

सगळं एका घमेल्यात

तीन महिन्यांपुढच्या करडांसाठी 10 किलो खुराकाचं एक साधं मिश्रण असं : मका किंवा ज्वारीचा भरडा 4 किलो 400 ग्रॅम, सोयाबीनची ढेप 2 किलो 200 ग्रॅम, तुरीची चुनी 2 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, चुनखडी पावडर 100 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. यात साधारण 18 टक्के प्रथिन भरतं. दिवसाला 100 ग्रॅमपासून सुरुवात करून सहा महिन्यांपर्यंत 250 ग्रॅमवर न्यावं. सोबत हिरवा पाला आणि तूर-हरभऱ्याचं कुटार. हे महिनाभर नीट बसल्यावर पूरक सुरू करावं, आणि एका वेळी एकच. चार पूरकं एकदम घातली तर कशाने काय झालं, हे कुणालाच कळणार नाही.

मग वजन. एकाच वयाची बारा करडं असतील तर वजनं जुळवून सहा-सहाचे दोन गट करावेत. चारा, खुराक, जागा सगळं सारखं; पूरक एकाच गटाला. दर पंधरा दिवसांनी सकाळी, चारा घालण्याआधी काट्यावर तोलावं आणि वहीत लिहावं. तीन महिने चालू द्यावं. समजा, पूरकाच्या गटाने करडामागे रोज 10 ग्रॅम जास्त वजन धरलं, तर 90 दिवसांत 900 ग्रॅम झालं. जिवंत वजनाचा भाव किलोला 400 रुपये धरला तर 360 रुपयांची भर. पूरकाचा खर्च दिवसाला 2 रुपये असेल तर 180 रुपये गेले आणि तेवढेच उरले. खर्च 4 रुपये असेल तर हाती शून्य. आणि वजनात फरकच पडला नाही तर ती पुडी कितीही ‘नैसर्गिक’ असो, ती घेणं थांबवावं.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज तर सोडूनच द्यावा. पावसाने ताण दिल्यावर वाढ खुंटलेली कोवळी ज्वारी पूर्ण नैसर्गिक असते, आणि तिच्यातल्या सायनाइडने जनावर तासाभरात मरतं. कण्हेर नैसर्गिक आहे, धोतराही. फरक मात्रेचा असतो, आणि मात्रा काट्यावर कळते, अंदाजाने नाही.

पिपरी मेघेच्या आसपास सल्ल्याची सोय आहे. सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना तर आहेच. बाटली घेण्याआधी वेष्टनाचा फोटो तिथे दाखवावा आणि एकच प्रश्न विचारावा : यात नेमकं काय आहे आणि किती? ज्या वेष्टनावर याचं उत्तर छापलेलं नसेल, ते घेऊ नये. त्या पैशांत खनिज मिश्रण, जंताचं औषध आणि पीपीआर या रोगावरची लस या तीन गोष्टी आधी कराव्यात. एवढं पार पडल्यावरच बाभळीच्या शेंगेची आणि यीस्टच्या पुडीची पाळी येते.